आरेखनाची प्रत आणि तिचे प्रामाण्य : फॉरमॅटच्या निवडीसंबंधी एक चिकित्सा

१

वास्तुविशारदाने आपल्या ग्राहकाला इमारतीचे आरेखन कोणत्या फॉरमॅटमध्ये द्यावे, ह्या प्रश्नाला व्यवसायात एक उत्तर रूढ झालेले आहे. ते असे की, ग्राहकाला पीडीएफ द्यावी, सहव्यावसायिकाला डीडब्ल्यूजी द्यावी, आणि घाई असेल तेव्हा भ्रमणध्वनीवरून चित्र पाठवून मोकळे व्हावे. हे उत्तर सोयीचे आहे व पुष्कळ वेळा त्याने काम भागतेही. परंतु त्याच्या मुळाशी जे गृहीत धरलेले आहे, ते तपासून पाहण्यासारखे आहे. फॉरमॅट म्हणजे एक भांडे, आरेखन म्हणजे त्यातील पदार्थ, आणि भांडे बदलल्याने पदार्थ बदलत नाही, असे ते गृहीत आहे. हे गृहीत खरे नाही, आणि ते खरे नसल्याचे परिणाम मुख्यत्वे ग्राहकाला भोगावे लागतात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ह्या विषयात का पडावे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर असे की, आरेखन हे वाचावयाचे लिखाण आहे. त्यात रेषांची एक संकेतव्यवस्था असते, शब्द असतात, अंक असतात, आणि एकाने लिहिलेले दुसऱ्याने त्याच अर्थाने वाचावे अशी अपेक्षा असते. लिखाणाच्या प्रती कशा होतात, त्यांत पाठभेद कसे शिरतात आणि कोणती प्रत प्रमाण मानावयाची, हे प्रश्न आपल्या विद्याशाखेला नवे नाहीत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या ज्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९६६ साली पुरे केले, तिचा सारा खटाटोप ह्याच प्रश्नांचा होता. आरेखनाच्या फाइलकडे त्या दृष्टीने पाहिल्यास काही गोष्टी स्पष्ट होतात.

आणखी एक लहानशी गोष्ट नोंदवून पुढे जाऊ. डॉक्टराचा रुग्ण असतो, वकिलाचा अशील असतो. वास्तुविशारदाचा जो कोणी असतो, त्याला मराठीत एकच एक रूढ शब्द नाही. कोणी घरमालक म्हणतो, कोणी पार्टी, कोणी क्लायंट. मी ग्राहक हा शब्द वापरला आहे, परंतु तो पुरता समाधानकारक नाही. ग्राहक वस्तू विकत घेतो व ती त्याची होते. आरेखन मागणाऱ्याला मात्र नेमके काय मिळते, चित्र, चित्राचा अधिकार, की चित्रावरून काम करण्याची मुभा, हे अनिश्चितच राहते. नावाची ही अनिश्चितता व्यवहारातील अनिश्चिततेचीच खूण होय.

२

संगणकापूर्वीच्या पद्धतीत ह्या अनिश्चिततेला फारसा वाव नव्हता. आरेखक ट्रेसिंग कागदावर शाईने मूळ आरेखन करी. ते वास्तुविशारदाच्या कार्यालयात राही. त्यावरून ज्या प्रती निघत त्या ग्राहक, कंत्राटदार व नगरपालिका ह्यांना मिळत. जॉन हर्शेल ह्यांनी १८४२ साली शोधलेल्या रासायनिक प्रक्रियेतून निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांची प्रत निघे, म्हणून तिला ब्ल्यूप्रिंट हे नाव पडले; पुढे पांढऱ्या कागदावर गडद रेषा उमटविणारी अमोनियाची प्रत आली, तरी जुने नाव लोकांच्या तोंडी राहिले.

ह्या पद्धतीचे तीन गुण लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला, मूळ आणि प्रत ह्यांचे द्रव्यच भिन्न असे. कोणते मूळ व कोणती प्रत ह्याविषयी कोणाचा घोटाळा होणे शक्य नव्हते. दुसरा, प्रतीवर कोणी फेरफार केला तर तो डोळ्यांना दिसे. तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा असून तो बहुधा दुर्लक्षिला जातो. प्रत ही ट्रेसिंगला चिकटवून काढलेली असल्याने तिचा आकार मुळाइतकाच असे. कागदाचे किंचित आकुंचन-प्रसरण सोडल्यास प्रमाण आपोआप टिके. एकास शंभर ह्या प्रमाणात काढलेले आरेखन मिस्त्रीच्या हाती पडे तेव्हाही ते एकास शंभर असे. हे टिकविण्यासाठी कोणाला काही करावे लागत नसे, आणि म्हणूनच ते टिकवावे लागते ह्याची जाणीवही कोणाला राहिली नाही.

संगणकाने हे तिन्ही गुण एकाच वेळी काढून घेतले. फाइलची नक्कल मुळापासून वेगळी ओळखता येत नाही. तीत केलेला फेरफार खाडाखोड दाखवीत नाही. आणि तिचा कागदावरील आकार छापणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो. जे काम पूर्वी द्रव्याच्या स्वभावाने होत असे, ते आता हेतुपुरस्सर करावयास हवे. फॉरमॅटची निवड हा त्या कामाचा एक भाग आहे.

३

प्रथम डीडब्ल्यूजी हेच खरे आरेखन मानणाऱ्या पक्षाचा विचार करू. ह्या पक्षाचे म्हणणे असे की, पीडीएफ ही छाया आहे. मूळ वस्तू डीडब्ल्यूजीत आहे, कारण तीत रेषा खऱ्या मापाने साठविलेली असते. ३.६० मीटरची भिंत त्या फाइलीत ३६०० एकक लांबीची असते, मग ती कागदावर कशीही छापा. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु मूळ असणे आणि परिपूर्ण असणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

डीडब्ल्यूजी हा फॉरमॅट माइक रिडल ह्यांच्या इंटरॅक्ट ह्या प्रणालीतून आला व डिसेंबर १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑटोकॅडबरोबर जगभर पसरला. त्याची अंतर्गत रचना ऑटोडेस्क कंपनीने जाहीर केलेली नाही. १९९८ साली स्थापन झालेल्या व आज ओपन डिझाइन अलायन्स ह्या नावाने चालणाऱ्या संस्थेने फाइलींचे पृथक्करण करून ती इतरांना उपलब्ध केली. शिवाय डीडब्ल्यूजी हा एक फॉरमॅट नसून फॉरमॅटांची मालिका आहे. फाइलीच्या आरंभीची सहा अक्षरे तिची आवृत्ती सांगतात. ऑटोकॅड २००० ची फाइल एसी१०१५ ह्या खुणेने सुरू होते, २०१८ ची एसी१०३२ ह्या खुणेने. जुनी प्रणाली नवी खूण वाचू शकत नाही. ग्राहकाला डीडब्ल्यूजी दिली असे म्हणताना यांपैकी कोणती दिली, हे सांगितल्यावाचून वाक्य अपुरेच राहते.

ह्याहून मोठी उणीव अशी की, डीडब्ल्यूजीतील पुष्कळसा अर्थ डीडब्ल्यूजीच्या बाहेर असतो. जोडलेली अन्य आरेखने बाहेर असतात. मुख्य फाइल एकटी पाठविली तर कोठे स्तंभ नाहीसे होतात, कोठे जमिनीची हद्दच दिसत नाही. अक्षरवळणाच्या फाइली बाहेर असतात; त्या ग्राहकाच्या यंत्रावर नसल्यास प्रणाली दुसरेच वळण वापरते. रेषांची जाडी ठरविणारी कोष्टकेही पुष्कळदा बाहेर असतात. अनेक कार्यालयांत लाल रंग म्हणजे बारीक रेषा व दुसरा एखादा रंग म्हणजे छेदाची जाड रेषा असा संकेत असतो. तो संकेत स्वतंत्र कोष्टकात राहतो. कोष्टक न मिळालेल्या वाचकाला छेदलेली भिंत आणि तिच्या पलीकडची कड सारखीच दिसते. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लिहीत नसत. तो भेद वाचणारा कारकून आपल्या पदरचा घाली. कार्यालयातील माणसाला ते साधत असे, परक्याला साधत नसे. डीडब्ल्यूजीची स्थिती अशीच आहे. ती लिहिणाऱ्यांच्या वर्तुळात पूर्ण असते, वर्तुळाबाहेर अपूर्ण.

एककाचा प्रश्नही ह्याच जातीचा आहे. फाइलीत ३६०० ही संख्या असते; ती मिलिमीटर आहे की इंच, हे सांगणारी नोंद फाइलीत करता येते, परंतु ती केलेली असतेच असे नाही, व केलेली असली तरी बरोबर असतेच असे नाही. चुकीची नोंद वाचली गेली म्हणजे आरेखन २५.४ पटींनी फुगते किंवा आक्रसते. सुदैवाने ही चूक इतकी ढोबळ असते की ती लगेच पकडली जाते.

४

आता पीडीएफच्या पक्षाकडे वळू. पीडीएफ हा फॉरमॅट अडोबी कंपनीने १९९३ साली आणला व २००८ साली तो आयएसओ ३२००० ह्या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाला. पान जसे मांडले तसेच सर्वत्र दिसावे, हा त्याचा हेतू. अक्षरवळणे फाइलीतच बसविता येतात, रेषांची जाडी ठरूनच येते, आणि वाचण्यासाठी विकतची प्रणाली लागत नाही. ग्राहकाच्या दृष्टीने हे गुण निर्विवाद आहेत. तथापि पीडीएफ दिली की काम संपले, ह्या समजुतीत तीन दोष आहेत.

पहिला दोष प्रमाणाचा. समजा, ए१ कागदासाठी, म्हणजे ८४१ गुणिले ५९४ मिलिमीटर आकारासाठी, एकास शंभर प्रमाणात आरेखन केले आहे. ग्राहकाने ते घरच्या यंत्रावर ए४ कागदावर छापले. तीन वेळा अर्धा झालेला हा कागद असल्याने लांबी २.८३ पटींनी घटते व प्रमाण एकास २८३ होते. ३.६० मीटरची खोली पट्टीने मोजली तर १.२७ मीटर भरते. ही चूक कोणीही ओळखील. परंतु समजा, ए३ साठी केलेले पान ए३ कागदावरच छापले, आणि छपाईच्या वेळी पान कडेच्या समासात बसविण्याचा पर्याय चालू राहिल्याने ते ९६ टक्के आकाराचे झाले. आता तीच खोली ३.४६ मीटर भरते. हे माप सर्वस्वी संभाव्य दिसते. सुतार त्यावरून कपाट करील आणि ते भिंतीपाशी चौदा सेंटिमीटर अपुरे पडल्यावरच चूक ध्यानी येईल. पोथ्यांच्या चिकित्सेत हा अनुभव जुना आहे. लेखनिकाने निरर्थक अक्षर लिहिले तर पुढचा लेखनिक थबकतो. त्याने चुकून अर्थपूर्ण शब्द लिहिला तर तो पाठ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या चालतो. अर्थपूर्ण दिसणारी चूक हीच खरी घातक चूक होय.

ह्यावर व्यावसायिक म्हणतील की, आरेखनावर मोजमाप करू नये, लिहिलेले अंकच प्रमाण मानावेत, अशी सूचना आम्ही छापतोच. सूचना योग्य आहे. परंतु ती बहुधा इंग्रजीत असते, आणि जेथे अंक लिहिलेलाच नाही तेथे मिस्त्रीने काय करावे, हे ती सांगत नाही. पानावर मापपट्टी काढलेली असेल तर पान लहान झाल्यावर पट्टीही त्याच प्रमाणात लहान होते व मोजणाऱ्याला आधार राहतो. एवढा साधा उपायही कित्येक आरेखनांत आढळत नाही.

दुसरा दोष असा की, पीडीएफ साक्षीदारांमधील मतभेद झाकते. डीडब्ल्यूजीत मापाचा अंक सामान्यतः रेषेवरून आपोआप निघतो, परंतु आरेखकाला तो हाताने बदलताही येतो. रेषा ३५८० ची आणि अंक ३६०० चा, अशी स्थिती घाईच्या कामात उत्पन्न होते. डीडब्ल्यूजी उघडून मोजणाऱ्याला हा विसंवाद दिसू शकतो. पीडीएफ वाचणाऱ्याला फक्त ३६०० दिसते. ग्राहकाजवळ पीडीएफ आणि कंत्राटदाराजवळ डीडब्ल्यूजी असली, तर दोघेही प्रामाणिकपणे आपापल्या प्रतीवर बोट ठेवून भांडतात. अशा वेळी प्रश्न कोणता फॉरमॅट चांगला हा नसून कोणती प्रत प्रमाण हा असतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याच फाइलीत लिहिलेले नसते.

तिसरा दोष खास आपल्या भाषेचा आहे, आणि त्याची चर्चा माझ्या वाचनात फारशी आलेली नाही. पीडीएफमध्ये अक्षरे आकार म्हणून मांडलेली असतात. त्या आकारांमागे कोणते वर्ण आहेत, ह्याची नोंद स्वतंत्रपणे ठेवावी लागते. रोमन लिपीत आकार व वर्ण ह्यांचा क्रम बहुधा एकच असल्याने ही नोंद सुलभ असते. देवनागरीत तसे नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व युनिकोडमध्ये व्यंजनानंतर येते, कागदावर मात्र व्यंजनाआधी उमटते. रफार उच्चारात आधी, आकारात नंतर. खिडकी हा शब्द काढून घेतला तर तो पुष्कळदा वेलांटी प्रथम व ख नंतर अशा क्रमाने बाहेर येतो. पार्किंग ह्या शब्दात वेलांटी, रफार व अनुस्वार तिन्ही एकत्र आल्याने त्याची दशा ह्याहूनही वाईट होते. डोळ्यांना शब्द निर्दोष दिसतो. शोधावयास गेले तर सापडत नाही.

ह्याच्या आधीची पायरी ह्याहून बिकट आहे. देवनागरीला १९९१ साली भारतीय मानक आयएस १३१९४ मिळाले व त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत तिला स्थान मिळाले. तरीही छपाईच्या धंद्यातून आलेली, रोमन वर्णांच्या जागी देवनागरी आकार बसविणारी जुनी अक्षरवळणे कार्यालयांत रेंगाळत राहिली. त्यांत लिहिलेली डीडब्ल्यूजी दुसऱ्या यंत्रावर उघडली की स्वयंपाकघराच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक माळ दिसते. आणि ऑटोकॅडच्या स्वतःच्या एसएचएक्स जातीच्या वळणांत अक्षर म्हणजे केवळ रेषाखंडांचा समूह असतो. ते पीडीएफमध्ये रेषा म्हणूनच उतरते.

परिणामी आरेखक इंग्रजी शब्द लिहिणे पसंत करतो. मोरी, तुळई, जिना, ओटा हे शब्द बांधकामाच्या जागी रोज बोलले जातात, आणि कागदावर मात्र क्वचित येतात. त्याला भाषेविषयीची अनास्था हे एक कारण असेल. परंतु लिहिलेले पोचेल ह्याची खात्री नसणे हेही एक कारण आहे. शब्दांचे व्यवहारक्षेत्र कसे आकुंचित होते, ह्याचा विचार करताना अशा यांत्रिक कारणांकडे आपण अधिक लक्ष पुरविले पाहिजे.

५

ह्या दोन पक्षांना कंटाळलेला तिसरा पक्ष खुल्या फॉरमॅटांचा आहे. डीएक्सएफ हा फॉरमॅट १९८२ साली ऑटोकॅडच्या पहिल्या आवृत्तीबरोबर आला व त्याची रचना जाहीर आहे. तो साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. प्रत्येक माहितीपूर्वी एक संकेतांक येतो. ८ हा अंक आल्यास पुढे थराचे नाव, १० व २० आल्यास पुढे बिंदूची दोन निर्देशके. उद्या सर्व प्रणाली नष्ट झाल्या तरी अशी फाइल चिकाटीच्या अभ्यासकाला उलगडता येईल, हा मोठाच गुण आहे. परंतु डीएक्सएफचे व्याकरण एका कंपनीनेच ठरविलेले आहे, विशेष प्रणालींनी निर्माण केलेल्या वस्तू तिच्यात पूर्ण उतरत नाहीत, आणि ग्राहकाच्या दृष्टीने ती डीडब्ल्यूजीइतकीच अवाच्य आहे. आयएसओ १६७३९ ह्या क्रमांकाने २०१३ साली मानक झालेला आयएफसी हा फॉरमॅट आणखी पुढे जातो. त्यात भिंत ही दोन समांतर रेषा म्हणून न राहता भिंत म्हणून नोंदलेली असते. अर्थाच्या दृष्टीने ही मोठी प्रगती आहे. पण दोन खोल्यांचे घर बांधणाऱ्या गृहस्थाला त्याचा उपयोग आज मर्यादितच म्हणावा लागेल.

उरले भ्रमणध्वनीवरचे चित्र. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून पाठविलेले आरेखन वाटेत दाबले जाते; बारीक रेषा पुसट होतात आणि ३ व ८ ह्या अंकांत भेद राहत नाही. तीच फाइल दस्तऐवज म्हणून पाठविली तर तशीच पोचते. हा भेद ज्यांना माहीत आहे त्यांनी ग्राहकाला तो सांगावा. चित्र हे बोलण्याचे साधन आहे, बांधण्याचे नव्हे.

६

येथवरच्या विवेचनावरून असे दिसेल की, प्रत्येक फॉरमॅट वाचकाला काही करू देतो व काही करू देत नाही. तेव्हा फॉरमॅट निवडणे म्हणजे वाचकाचा अधिकार ठरविणे होय. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, बोलणे हे एक कृत्य असते, हा विचार मांडला. आरेखन पाठविणे हेही तसेच कृत्य आहे. पाहा, मान्य करा, ह्यावरून बांधा, ह्यात बदल करा, हे जपून ठेवा, ही पाच निरनिराळी कृत्ये आहेत. एकच पीडीएफ पाठवून ही पाचही केल्याचा आव आणणे ही आजच्या व्यवहारातील मूळ चूक आहे.

ग्राहकाला मूळ फाइल न देण्यामागे व्यावसायिकांना एक भय असते: तो ती दुसऱ्याकडे नेईल व आपले काम चोरीस जाईल. हे भय अनाठायी नाही. परंतु त्याचा बंदोबस्त फॉरमॅटने होत नाही. रेषांची पीडीएफ पुन्हा संपादनीय रेषांत रूपांतरित करण्याची सोय ऑटोकॅडमध्येच २०१७ च्या आवृत्तीपासून आहे. खरे संरक्षण कायद्यात आहे. १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमाने आराखडे व नकाशे ह्यांना कलाकृतींत स्थान दिलेले आहे, आणि त्या हक्काचे अभिहस्तांतरण लेखी असल्यावाचून ग्राह्य होत नाही. फाइल हाती दिल्याने हक्क जात नाही. फाइल अडवून ठेवल्याने ग्राहकाची मात्र अडचण होते.

ही अडचण किती खोल आहे, हे सहकारी गृहनिर्माण संस्थांकडे पाहिले असता कळते. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ ह्याच्या सतराव्या कलमान्वये आवश्यक दस्तऐवज व आराखडे रहिवाशांच्या संघटनेकडे सोपविणे हे विकासकाचे कर्तव्य आहे. स्थानिक कायद्यात तरतूद नसल्यास त्याला तीस दिवसांची मुदत आहे. परंतु आराखडे कोणत्या रूपात द्यावयाचे, हे कलम सांगत नाही. वाकडे छायांकित केलेले, अंक न वाचता येणारे पान दिले तरी शब्दाने कर्तव्य पुरे झाल्यासारखे दिसते. मुंबईत तीस वर्षांवरील इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने आवश्यक आहे. त्या दिवशी संस्थेला तुळया व स्तंभ ह्यांची आरेखने लागतील. तोवर मूळ वास्तुविशारदाचे कार्यालय असेलच असे नाही. ज्यांच्या डोक्यावर ते छप्पर आहे, त्यांच्याजवळ त्या छपराचे वाचनीय लिखाण असू नये, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

ह्या संदर्भात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ह्याचे सातवे कलम अभ्यासनीय आहे. जेथे अभिलेख विशिष्ट काळ जपण्याचे बंधन असते, तेथे तो इलेक्ट्रॉनिक रूपात जपताना तीन अटी पाळाव्या लागतात. माहिती पुढेही वापरता येण्याजोगी राहावी. अभिलेख ज्या फॉरमॅटमध्ये निर्माण झाला, पाठविला वा मिळाला त्यातच, किंवा ती माहिती अचूक दर्शविते असे सिद्ध करता येईल अशा फॉरमॅटमध्ये, ठेवावा. आणि तो कोठून, कोठे व केव्हा गेला ह्याचा तपशील राहावा. जी चिकित्सा आपण पोथ्यांना लावतो, तिचे तीन घटक, वाचनीयता, यथामूलता व परंपरा, येथे कायद्याच्या भाषेत आलेले आहेत.

७

तर मग करावे काय? माझे सुचविणे असे की, अंतिम आरेखन ग्राहकाला एका प्रतीने न देता दोन प्रती व एक निवेदन अशा रूपाने द्यावे.

पहिली वाच्य प्रत. ती पीडीएफच असावी, परंतु दीर्घकाल जतनासाठी ठरविलेल्या पीडीएफ/ए ह्या मानकाप्रमाणे केलेली. ह्या मानकाची पहिली आवृत्ती २००५ साली आली. तीत अक्षरवळणे फाइलीतच बसविणे सक्तीचे झाले. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत यू ही पातळी आली. तिच्यात प्रत्येक अक्षराकारामागील युनिकोड वर्णाची नोंद आवश्यक ठरविली आहे. इंग्रजी आरेखनाला ही पातळी ऐच्छिक वाटेल. मराठी आरेखनाला ती अनिवार्य मानली पाहिजे. अर्थात मानकाने सर्व साधते असे नाही. नोंद असूनही क्रम बिघडू शकतो. म्हणून तपासणी हवीच. पानावर कागदाचा आकार, प्रमाण, मापपट्टी, सुधारणेचा क्रमांक व दिनांक असावा.

दुसरी मूळ प्रत. डीडब्ल्यूजी द्यावी, पण तिच्याबरोबर जोडलेली आरेखने, अक्षरवळणे व जाडीची कोष्टके एकत्र बांधून द्यावीत, आणि जतनासाठी सोबत एक डीएक्सएफ ठेवावी. पीडीएफ/एच्या २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीत कोणतीही अन्य फाइल आत जोडता येते. तेव्हा वाच्य प्रतीच्या पोटातच मूळ प्रत ठेवणेही शक्य आहे. मात्र आत काही आहे हे ग्राहकाला सांगितले नाही, तर ते असून नसल्यासारखेच.

तिसरे निवेदन. एका पानावर, ग्राहकाच्या भाषेत, इतके लिहावे: ही प्रत कोणत्या कामासाठी दिली आहे, एकक कोणते, डीडब्ल्यूजीची आवृत्ती कोणती, प्रतीत विसंवाद आढळल्यास कोणती प्रमाण, आणि लिखित अंक व रेषा ह्यांत भेद असल्यास कोणाला विचारावे. सर्व फॉरमॅटांत जे लिहिता येत नाही, ते ह्या एका पानावर येते.

पाठविण्यापूर्वी परीक्षाही करावी. ज्या यंत्रावर आरेखनाची कोणतीही प्रणाली नाही, त्यावर फाइल उघडावी. खिडकी, पार्किंग व जिना हे तीन शब्द शोधावेत. आणि छापील पानावरची मापपट्टी हाताच्या पट्टीने मोजावी. ह्यात जे नापास होईल ते ग्राहकाच्या हातीही नापासच होणार.

लहान कार्यालयांना हा भार वाटेल, असा आक्षेप संभवतो. प्राथमिक कच्च्या आराखड्यांना हे सर्व लागू करावे असे माझे म्हणणे नाही. चर्चेसाठी चित्रही पुरते. परंतु ज्या प्रतीवरून भिंत उभी राहावयाची आहे किंवा जी प्रत तीस वर्षांनी उघडावी लागणार आहे, तिच्याबाबत एका पानाचे निवेदन हा भार नव्हे. नमुना एकदा सिद्ध केला की तो प्रत्येक वेळी थोडक्या फेरफाराने चालतो.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, ती त्या काळी प्रचारात असलेल्या प्रतींत अशुद्धे शिरली होती म्हणून. फाइलींच्या बाबतीत इतका काळ लोटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण लिहिणारे व वाचणारे दोघेही आज हयात आहेत व एकमेकांना विचारू शकतात. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी दोन कामे हाती घ्यावीत असे वाटते. एक, बांधकामाच्या जागी बोलल्या जाणाऱ्या व आरेखनांत लिहिल्या जाणाऱ्या शब्दांची तुलनात्मक सूची. दुसरे, मराठी मजकूर असलेल्या आरेखनांच्या पीडीएफमधून शब्द बाहेर काढून त्यांतील क्रमदोषांचे वर्गीकरण. दुसऱ्या कामाचा लाभ वास्तुविशारदांना होईल, आणि देवनागरीच्या लेखनव्यवस्थेचा अभ्यास करणाऱ्या आपणांसही होईल.